घरगुती ध्वनिमुद्रणातील कंडेन्सर मायक्रोफोन

कंडेन्सर मायक्रोफोन हा विद्युत् धारित्राच्या तत्त्वावर चालणारा, ध्वनिलहरींचे विद्युत् संकेतांत रूपांतर करणारा मायक्रोफोन होय. ‘कंडेन्सर’ हे धारित्राचे जुने इंग्रजी नाव आहे. विद्युत्शास्त्रात ते मागे पडले, तरी मायक्रोफोनच्या बाबतीत रूढ राहिले. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या जातीचे मायक्रोफोन प्रामुख्याने आकाशवाणी केंद्रे, चित्रपटसंस्था व ध्वनिमुद्रिका कंपन्या यांच्या स्टुडिओंतच आढळत. आज ते काही हजार रुपयांत मिळतात व अभिवाचन, बोलकी पुस्तके, पॉडकास्ट, अध्यापनाच्या ध्वनिफिती, गायन आणि वाद्यवादन यांच्या घरगुती मुद्रणासाठी सर्रास वापरले जातात. अशा मुद्रणाची गुणवत्ता मायक्रोफोनच्या किमतीपेक्षा खोली, अंतर आणि दिशा यांवर अधिक अवलंबून असते. खरेदीच्या वेळी मात्र नेमक्या याच गोष्टीकडे दुर्लक्ष होते.

रचना व कार्य

या मायक्रोफोनचा गाभा म्हणजे कॅप्सूल. त्यात अवघ्या काही मायक्रोमीटर जाडीचे ताणलेले पटल असते. ते बहुधा प्लॅस्टिकचे असून त्यावर सोन्याचा वा अन्य धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. पटलाच्या मागे, केसाच्या जाडीइतक्या अंतरावर, छिद्रे असलेली एक स्थिर तबकडी बसवलेली असते. पटल व तबकडी मिळून एक धारित्र तयार होते. ध्वनीच्या दाबाने पटल मागेपुढे हलले की दोहोंतील अंतर बदलते आणि अंतराबरोबर धारकता बदलते. धारित्रावरील विद्युत् प्रभार स्थिर राखलेला असल्यामुळे धारकतेतील बदल व्होल्टतेतील बदलाच्या रूपाने प्रकट होतो. हाच ध्वनीचा विद्युत् संकेत होय.

हा संकेत इतक्या दुबळ्या स्रोतातून येतो की लांब तारेतून नेल्यास तो वाटेतच नष्ट होईल. म्हणून मायक्रोफोनच्या देहातच एक लहानसे इलेक्ट्रॉनीय मंडल बसवावे लागते. पूर्वी त्यासाठी निर्वात नलिका वापरीत, आता ट्रान्झिस्टर वापरतात. कंडेन्सर मायक्रोफोनला बाहेरून वीज लागते, त्याचे हे प्रमुख कारण आहे.

व्यासपीठावर हातात धरला जाणारा डायनॅमिक मायक्रोफोन वेगळ्या तत्त्वावर चालतो. त्यात पटलाला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते व ते चुंबकीय क्षेत्रात हलते. वेटोळ्याच्या वजनामुळे पटलाची हालचाल काहीशी जड होते. कंडेन्सरचे पटल हलके असल्याने ते जलद बदलांना चटकन प्रतिसाद देते. चाटीवरच्या आघाताची धार, तारेवरच्या नखीचा स्पर्श, शब्दाच्या शेवटी विरणारा श्वास या गोष्टी त्यात अधिक स्पष्ट उमटतात.

इतिहास

पहिला उपयुक्त कंडेन्सर मायक्रोफोन अमेरिकेतील अभियंता ई. सी. वेंट याने १९१६ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करीत असताना तयार केला. संकेत वाढवण्यासाठी निर्वात नलिका तोवर उपलब्ध झाल्या होत्या, म्हणूनच ही कल्पना व्यवहारात उतरू शकली. जर्मनीत गेओर्ग नॉयमान याने १९२८ मध्ये बर्लिन येथे स्थापलेल्या कंपनीने या मायक्रोफोनचे व्यापारी उत्पादन सुरू केले. त्या कंपनीचे यू ४७ (१९४९) व यू ८७ (१९६७) हे नमुने आजही तुलनेचे मानदंड समजले जातात. स्वस्त मायक्रोफोनांच्या जाहिरातींतील सोनेरी पटल, जाळीदार डोके व रुपेरी देह यांचे बाह्यरूपही बरेचसे त्यांच्यावरूनच घेतलेले असते.

स्वस्ताईची वाट उघडली ती इलेक्ट्रेटमुळे. विद्युत् प्रभार कायमचा धरून ठेवणाऱ्या पदार्थाला हे नाव ऑलिव्हर हेविसाइड याने एकोणिसाव्या शतकात दिले होते. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेतील गेरहार्ड सेसलर व जेम्स वेस्ट यांनी पातळ प्लॅस्टिक पटलाचा इलेक्ट्रेट मायक्रोफोन तयार केला. कॅप्सूलला बाहेरून प्रभार देण्याची गरज संपल्यामुळे रचना सोपी झाली व आकार लहान करता आला. टेपरेकॉर्डर, दूरध्वनी व श्रवणयंत्रांत हा मायक्रोफोन घरोघरी पोहोचला. मोठ्या पटलाचे, स्टुडिओच्या धाटणीचे मायक्रोफोन सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आले ते १९९० च्या दशकात, चीनमधील कारखान्यांत कॅप्सूलचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ लागल्यावर.

फँटम पॉवर

मायक्रोफोनला लागणारी वीज ध्वनिसंकेताच्याच तारेतून पाठवण्याच्या पद्धतीस फँटम पॉवर म्हणतात. तिची ४८ व्होल्ट ही प्रमाणित व्होल्टता कशी ठरली, याची हकीकत मनोरंजक आहे. नॉर्वेच्या नभोवाणी संस्थेला १९६६ मध्ये ट्रान्झिस्टरवर चालणारे मायक्रोफोन हवे होते. त्यांच्या स्टुडिओंत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची वीज आधीच खेळवलेली होती, म्हणून नॉयमान कंपनीने त्याच व्होल्टतेवर चालणारी व्यवस्था करून दिली. पुढे तीच जगभर प्रमाण झाली.

घरी ही वीज ऑडिओ इंटरफेस या छोट्या पेटीतून मिळते. ही पेटी संकेत वाढवते, त्याचे अंकीय रूपांतर करते व तो यूएसबी तारेने संगणकाला देते. त्यावरील ‘४८ व्ही’ असे लिहिलेले बटण दाबण्यापूर्वी तार जोडलेली व गेन पूर्ण उतरवलेला असावा, अन्यथा हेडफोनमध्ये मोठा धक्का बसतो. तीन खिळ्यांच्या एक्सएलआर तारेने नीट जोडलेल्या डायनॅमिक मायक्रोफोनला या विजेने अपाय होत नाही, परंतु जुन्या रिबन मायक्रोफोनला होऊ शकतो.

यूएसबी कंडेन्सर मायक्रोफोनमध्ये इंटरफेसचे काम आतच केलेले असते. तो थेट संगणकाला, आणि योग्य जोडणी असल्यास मोबाइललाही, लावता येतो. एका व्यक्तीच्या भाषणासाठी तो पुरेसा असतो. दोन आवाज वेगवेगळे मुद्रित करावयाचे असतील, किंवा पुढे तबल्यासाठी दुसरा मायक्रोफोन घेण्याचा विचार असेल, तर इंटरफेसचा मार्ग अखेर स्वस्त पडतो.

निवड

बाजारातील माहितीपत्रकांत अनेक आकडे दिलेले असतात. त्यांपैकी ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हा आकडा जवळजवळ प्रत्येक मायक्रोफोनवर छापलेला असतो व त्यावरून फारसे काही कळत नाही. खऱ्या उपयोगाचा आकडा म्हणजे मायक्रोफोनची अंगभूत खरखर. पूर्ण शांततेतही मायक्रोफोनचे मंडल जी सूक्ष्म सळसळ निर्माण करते, ती किती डेसिबल आवाजाइतकी आहे हे त्यात सांगितलेले असते. आकडा जितका लहान तितका मायक्रोफोन शांत. उदाहरणार्थ, ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीच्या एटी२०२० या लोकप्रिय स्वस्त मायक्रोफोनची खरखर २० डेसिबल आहे, तर रोड या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या एनटी१-ए या त्याहून महाग मायक्रोफोनची ५ डेसिबल.

पंधरा डेसिबलांचा हा फरक कागदावर फार मोठा दिसतो. परंतु घरात तो कितपत ऐकू येतो हे पाहणे आवश्यक आहे. पंखा बंद, खिडक्या बंद अशा शहरी खोलीतही रस्त्याची गुणगुण, शेजारचा पाण्याचा पंप व फ्रिज मिळून ३५ डेसिबल आवाज सहज असतो. डेसिबल हे लघुगणकी एकक असल्याने दोन आवाजांची बेरीज साधी होत नाही. ३५ डेसिबलांच्या खोलीत २० डेसिबल खरखरीचा मायक्रोफोन ठेवला तर एकूण पार्श्वभूमी सुमारे ३५.१ डेसिबल होते आणि ५ डेसिबलांचा ठेवला तर सुमारे ३५.०. हा एक दशांशाचा फरक कोणत्याही कानाला जाणवणारा नाही. खोली २२ डेसिबलांइतकी शांत असेल तरच, म्हणजे रात्री उशिरा एखाद्या आडगावच्या घरात, हा फरक दोन डेसिबलांपर्यंत जातो. एकट्या सतारीचे वा कुजबुजत्या निवेदनाचे मुद्रण करणाऱ्यास तेव्हा महाग मायक्रोफोनचा उपयोग होईल. इतरांनी तो पैसा स्टँड, चांगले बंद हेडफोन व जाड पडदे यांवर खर्च करणे शहाणपणाचे.

‘खरा कंडेन्सर’ आणि इलेक्ट्रेट असा भेद जाहिरातींत ठासून केला जातो. आजच्या इलेक्ट्रेटच्या बाबतीत तो निर्णायक मानण्याचे कारण नाही, कारण वर उल्लेखिलेला एटी२०२० स्वतः इलेक्ट्रेटच आहे. फसगत होते ती वेगळ्या ठिकाणी. बीएम-८०० या क्रमांकाने असंख्य नावांखाली विकल्या जाणाऱ्या अतिस्वस्त संचांत मोठ्या जाळीमागे पुष्कळदा बोटाच्या नखाएवढे साधे इलेक्ट्रेट कॅप्सूल असते. असा संच संगणकाच्या छोट्या भोकात थेट खुपसला, तर आवाज क्षीण व खरखरीत येतो, कारण तेथे ४८ व्होल्ट मिळत नाहीत. शिकण्यासाठी असा मायक्रोफोन वाईट नाही, परंतु त्याला स्टुडिओचा मायक्रोफोन समजू नये.

पटल साधारण २५ मिलिमीटर व्यासाचे असल्यास मायक्रोफोन मोठ्या पटलाचा आणि १२ मिलिमीटरच्या आसपास असल्यास लहान पटलाचा समजतात. मोठे पटल कंठासाठी, तर लहान पटल तंतुवाद्ये व तालवाद्यांसाठी अशी रूढी आहे. ती मोडल्याने बिघडत काहीच नाही.

ग्रहणाच्या दिशेनुसार सर्वदिश, द्विदिश व हृदयाकृती असे मुख्य प्रकार होतात. स्वस्त कंडेन्सर बहुतेक हृदयाकृती असतात. ते समोरचा आवाज सर्वाधिक, बाजूचा कमी व मागचा अत्यल्प घेतात.

एक रूढ गैरसमज

‘कंडेन्सर फार संवेदनशील असतो, तो दूरचे आवाज ओढून घेतो, गोंगाटाच्या घरात डायनॅमिकच घ्यावा’ असा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. संवेदनशीलता म्हणजे ठरावीक ध्वनिदाबाला मायक्रोफोन किती व्होल्टता देतो याचे माप. ती अधिक असेल तर बोलणाऱ्याचा आवाज व कुत्र्याचे भुंकणे दोन्ही सारख्याच प्रमाणात मोठे होतात, त्यांचे परस्परप्रमाण बदलत नाही. हे प्रमाण ठरते ते ग्रहणाची दिशा व तोंडापासूनचे अंतर यांवरून. एकाच अंतरावर ठेवलेले दोन हृदयाकृती मायक्रोफोन, एक कंडेन्सर व एक डायनॅमिक, खोलीचा आवाज जवळपास सारखाच घेतात. कंडेन्सरमध्ये उच्च स्वरांचा तपशील अधिक येतो, त्यामुळे भांड्यांचा खणखणाट थोडा अधिक उठून दिसतो एवढेच.

वरील समजुतीचे मूळ वापराच्या सवयीत आहे. डायनॅमिक मायक्रोफोन लोक ओठांना लावून धरतात, तर कंडेन्सर टेबलावर हातभर दूर ठेवतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलांनी घटतो, खोलीतील गोंगाट मात्र तेवढाच राहतो. ६० सेंटिमीटरवरचा मायक्रोफोन १५ सेंटिमीटरवर आणला तर अंतर दोनदा निम्मे होते आणि गोंगाटाच्या तुलनेत आवाज १२ डेसिबलांनी वर येतो. वर पाहिलेला महाग-स्वस्त मायक्रोफोनांतला फरक शहरी खोलीत दशांशावर आला होता. येथे एक पैसा न खर्चता १२ डेसिबल मिळतात.

खोली

महाराष्ट्रातील शहरी घरांत गुळगुळीत फरशी, सिमेंटच्या भिंती व काचेच्या खिडक्या यांमुळे आवाज घुमतो. रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवली की हा घुमारा लगेच कळतो. पार्श्वभूमीची खरखर सॉफ्टवेअरने काही अंशी काढता येते, घुमारा काढणे फार कठीण असते. म्हणून मुद्रणासाठी घरातील सर्वांत भरलेली खोली निवडावी. गादी, पुस्तकांनी भरलेले कपाट, कपड्यांचे उघडे कपाट ही उत्तम शोषके आहेत. या कामी गोधडीही फार गुणकारी ठरते. दोरीवर दोन जाड गोधड्या भिंतीपासून वीतभर पुढे टांगल्या तर मध्यम व उच्च वारंवारतेचे परावर्तन चांगलेच कमी होते.

त्या कोठे टांगाव्यात याविषयी चूक होते. बहुतेक जण मायक्रोफोनच्या मागे शोषक लावतात. परंतु हृदयाकृती मायक्रोफोन मागून फारसे ऐकतच नाही, त्याचे तोंड बोलणाऱ्याकडे व बोलणाऱ्याच्या पाठीमागील भिंतीकडे असते. म्हणून पहिली गोधडी बोलणाऱ्याच्या पाठीशी हवी. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याची प्रथा मात्र निरुपयोगी आहे. पातळ पुठ्ठा आवाज फारसा शोषत नाही आणि बाहेरचा आवाज तर मुळीच अडवत नाही.

पंखा बंद ठेवण्यास पर्याय नाही. उन्हाळ्यात ते त्रासाचे असते, म्हणून पहाटेची वेळ अनेकांना सोयीची वाटते. कुकरच्या शिट्ट्या सुरू होण्यापूर्वी आणि कावळे बोलू लागण्यापूर्वी मिळणारा तास-दीड तास पुरेसा होतो.

स्थान व उच्चार

मोठ्या पटलाचे बहुतेक मायक्रोफोन बाजूने ऐकतात. व्यासपीठावरील मायक्रोफोनप्रमाणे त्याच्या टोकाशी बोलल्यास आवाज दबका व दूरचा येतो. ज्या बाजूस कंपनीची खूण वा हृदयाच्या आकाराचे चिन्ह असते, ती सामान्यतः पुढची बाजू.

वाचनासाठी १५ ते २० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे एक वीत, अंतर योग्य. त्याहून जवळ गेल्यास हृदयाकृती मायक्रोफोनमध्ये खर्ज कृत्रिमपणे वाढतो. निवेदकांना हा भरदारपणा आवडतो, परंतु तासभराच्या पुस्तकात तो ऐकणाऱ्यास शिणवतो. शिवाय वाचक मागेपुढे झाला की आवाजाचा पोत बदलत राहतो. गायकाने २५ ते ३० सेंटिमीटरवर उभे राहावे व तार सप्तकात किंचित मागे सरावे.

मराठी वाचनात प, फ, ब, भ या ओष्ठ्य वर्णांबरोबर, विशेषतः महाप्राणांबरोबर, हवेचा झोत सुटतो. ‘फळ’, ‘भाकरी’, ‘पुष्प’ अशा शब्दांच्या आरंभी तो थेट पटलावर आदळून ‘धप्’ असा आवाज उमटतो. तोंड व मायक्रोफोन यांच्या मध्ये, मायक्रोफोनपासून चार बोटे दूर, पॉप फिल्टर लावल्याने झोत विखुरतो. भरतकामाच्या गोल चौकटीवर ताणलेला जुना नायलॉनचा मोजाही तेच काम करतो. याहून साधा उपाय म्हणजे मायक्रोफोन ओठांच्या समोर न ठेवता थोडा बाजूला किंवा डोळ्यांच्या पातळीवर ठेवून तोंडाकडे वळवणे. स, श, ष हे ऊष्म वर्ण आणि ‘चमचा’, ‘जग’ यांतील दंततालव्य च, ज स्वस्त कंडेन्सरमध्ये टोचतात, कारण अशा अनेक मायक्रोफोनांत उच्च वारंवारता मुद्दाम उचललेली असते. मायक्रोफोन थोडा तिरका केल्याने ही धार कमी होते.

कागद टेबलावर सपाट ठेवल्यास आवाज त्यावरून परावर्तित होऊन मूळ आवाजात मिसळतो व डबा वाजल्यासारखा पोत येतो. कागद तिरके धरावेत व पान वाक्य संपल्यावरच उलटावे.

तबल्यासाठी एकच मायक्रोफोन असेल तर तो दोन्ही अंगांच्या मधोमध, हातभर उंचीवरून खाली वळवलेला असावा. हार्मोनियमचा मायक्रोफोन भात्याच्या थेट समोर ठेवू नये, हवेचा फुत्कार स्वरांवर मात करतो. रियाज मुद्रित करणाऱ्या गायकांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा खोलीत न वाजवता हेडफोनमधून ऐकावा. तो कंठाच्या मुद्रणात मिसळला की नंतर वेगळा करता येत नाही, स्वतंत्र मुद्रित केला तर हवा तितका ठेवता येतो.

पातळी व वीज

अंकीय मुद्रणात शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा असते. ती ओलांडली की आवाज फाटतो आणि तो दुरुस्त होत नाही. २४ बिट मुद्रणात सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलांच्या दरम्यान राहील असा गेन ठेवावा. तो ठरवताना सावकाश वाचून न पाहता मजकुरातील सर्वांत जोरकस संवाद म्हणून पाहावा. मुद्रणाच्या आरंभी दहा-पंधरा सेकंद स्तब्ध बसून केवळ खोलीचा आवाज टिपून घेतल्यास तो पुढे खरखर काढण्यासाठी व तुकडे जोडण्यासाठी उपयोगी पडतो. ऑडॅसिटी या विनामूल्य मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ही दोन्ही कामे होतात.

मुद्रणात सतत ‘हूं’ असा आवाज येत असेल तर दोष बहुधा मायक्रोफोनचा नसतो. भारतातील वीज ५० हर्ट्झची असल्याने ती वारंवारता व तिच्या पटी संकेतात शिरतात. घरात अर्थिंग नीट नसणे हे त्याचे नेहमीचे कारण. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवल्यास आवाज थांबतो का हे आधी पाहावे, बदलून घेण्यासाठी दुकानात त्यानंतर जावे.

निगा

कंडेन्सर मायक्रोफोनचा मुख्य शत्रू दमट हवा आहे. कॅप्सूलमधील प्रभार टिकून राहतो तो उत्तम विद्युत्रोधनामुळे. पटलावर व आसपास ओलावा साचला की प्रभार गळू लागतो व मुद्रणात चरचर, टकटक असे आवाज येतात. कोकण, गोवा व मुंबईच्या पावसाळ्यात हा अनुभव नेहमीचा आहे. बऱ्याचदा मायक्रोफोन कायमचा बिघडलेला नसतो, कोरड्या हवेत एक-दोन दिवस ठेवल्यावर तो पूर्ववत होतो. वापर नसताना तो घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. निळे दाणे गुलाबी झाले म्हणजे ते ओलावा पिऊन तृप्त झाले असे समजावे व कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळे करून घ्यावेत. ती कढई स्वयंपाकाला वापरू नये. वातानुकूलित खोलीतून दमट खोलीत आणलेला मायक्रोफोन लगेच सुरू न करता अर्धा तास तसाच राहू द्यावा.

धूळ आणि धूर यांपासूनही त्याला जपावे लागते. उदबत्ती व धुपाचे सूक्ष्म कण जाळीतून जाऊन पटलावर बसतात, म्हणून देवघर असलेल्या खोलीत तो उघडा ठेवू नये. स्टँडवरच ठेवायचा असल्यास वर कापडी पिशवी घालावी. जाळीत फुंकर मारणे किंवा चालू आहे का हे पाहण्यासाठी त्यावर टिचक्या मारणे ही सभागृहातील सवय येथे पूर्णपणे टाळावी. पटल उघडून पुसण्याचा प्रयत्न घरी करू नये, कारण बोटाच्या हलक्या स्पर्शानेही ते फाटू शकते.